सीडरच्या कुंपणाची राखण

टोरांटोच्या परिसरात घरोघरी दिसणारं हिरवं सीडरचं कुंपण आपल्या मोरपंखीच्या कुळातलं. एप्रिलमध्ये त्याचे शेंडे तपकिरी दिसले की लोक घाबरून झाडंच उपटतात. तशी घाई करू नका, आधी एक शेंडा तोडून उजेडासमोर धरा. आतून पोकळ, कागदासारखा पारदर्शक दिसला, त्यात बारीक विष्ठा असली, तर पानं पोखरणारी अळी आहे हे नक्की. ती खवल्यांसारख्या पानांच्या आतच हिवाळा काढते. जूनच्या सुमाराला तिचे इवले पतंग बाहेर पडतात आणि नवी अंडी घालतात. म्हणून त्याआधीच वाळके शेंडे छाटून नष्ट करावेत. खाली पडू दिले तर छाटणी वाया गेली. मात्र कात्री हिरव्या भागापुरतीच चालवा, जुन्या बोडक्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही.

पानं फिकट, ठिपकेदार दिसली तर पांढऱ्या कागदावर फांदी झटका. हलणारे ठिपके म्हणजे कोळी कीड. पाण्याचा जोरदार फवारा बहुतेक वेळा पुरतो.

फक्त वाऱ्याची बाजू करपली असेल तर ते थंडीचं काम. आणि शरद ऋतूत आतली जुनी पानं गळतातच, तो रोग नव्हे.

ऑन्टारिओत 2009 पासून घरगुती बागेत शोभेसाठी बहुतेक रासायनिक कीटकनाशकं वापरायला बंदी आहे. मला ती योग्यच वाटते, कारण या अळीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या त्यामुळे वाचतात.