घराण्याचा आजार, की घराची रीत?

मधुमेहाचे निदान झाले की अनेक घरांतून एकच उद्गार निघतो, ‘आमच्या घराण्यातच आहे.’ या उद्गारात तथ्य आहे. परंतु त्यामागे दडलेली हतबलता मात्र तथ्याला धरून नाही. पूर्वजांकडून काय मिळाले आणि त्याचे पुढे काय झाले, हे दोन निराळे प्रश्न आहेत. निरनिराळ्या जनसमूहांच्या अभ्यासातून ही गोष्ट स्पष्ट झाली आहे.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात गिला नदीच्या काठी पिमा नावाचे आदिवासी राहतात. शतकानुशतके कालवे काढून ते मका, घेवडा व भोपळा पिकवीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला वस्ती करणाऱ्यांनी पाणी वळविले. शेती बुडाली, उपासमार झाली आणि पुढे सरकारी शिध्यातील मैदा, साखर व चरबी यांवर गुजराण होऊ लागली. १९६५ पासून राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी या समाजाचा दीर्घकाळ अभ्यास केला. पस्तिशी ओलांडलेल्या सुमारे निम्म्या माणसांना मधुमेह असल्याचे त्यांना आढळले.

याच वंशाची दुसरी शाखा मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातील डोंगराळ मायकोबा परिसरात राहते. तेथील लोक कष्टाची शेती करतात आणि साधे अन्न खातात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकी पिमांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोतील पिमांमध्ये अवघे ६.९ टक्के आढळले. वंश एकच, भेद होता तो राहणीचा.

या आजाराचे मूळ कशात असावे? अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी’ जनुकीय घडणीची कल्पना मांडली. दुष्काळात तग धरण्यासाठी शरीराने सुकाळातील अन्न चरबीच्या रूपाने साठवावे, ही घडण एकेकाळी वरदान ठरली असेल. सदैव सुकाळ आल्यावर मात्र तीच जाचक झाली. कल्पना आकर्षक होती, परंतु सर्वत्र लागू पडेल असे एकच जनुक सापडले नाही. टाइप २ मधुमेहाशी संबंधित शेकडो जनुकीय भेद आज ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा प्रभाव अल्प आहे. अपवादही आहेत. ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांत २०१४ मध्ये असा एक भेद आढळला, की तो आई व वडील या दोघांकडूनही आला तर मधुमेहाचा धोका सुमारे दहापट होतो.

भारताचे चित्र निराळे आणि चिंताजनक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के. गाव सोडून शहरात आलेल्या कुटुंबाची जनुके एका पिढीत बदलत नाहीत; बदलतात ते श्रम, आहार आणि झोप.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या कोड्याची आणखी एक बाजू उलगडली. त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा उंची व वजनावरून काढलेला निर्देशांक (बीएमआय) सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही हेच दिसले. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत त्यांचे वजन पुष्कळ कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. म्हणजे वारसा केवळ जनुकांचा नसतो. मातेच्या पोषणाचाही असतो. वनस्पतिजन्य अन्नातून बी-१२ मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. म्हणून शाकाहारी कुटुंबांतील सुनांनी व लेकींनी गर्भधारणेपूर्वीच या जीवनसत्त्वाची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून घ्यावी.

मोठ्यांसाठीही मार्ग खुला आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसांना वजन सात टक्के घटविण्यास आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्यास सांगितले गेले. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. हा लाभ गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, आदिवासी अशा सर्वांनाच झाला. विशेष म्हणजे, मधुमेहाशी ठळक संबंध असलेले एक जनुक ज्यांच्यात दोन्हीकडून आले होते, त्यांच्यातही राहणी बदलल्यावर त्या जनुकाचा प्रभाव बव्हंशी ओसरला.

दिवसभर पेढीवर किंवा दुकानात बसून व्यवहार पाहणाऱ्यांनी यातून एवढा बोध अवश्य घ्यावा. केवळ वजनाच्या काट्यावर विसंबू नये. पुरुषांनी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रियांनी ८० च्या आत ठेवावा. आईवडिलांना मधुमेह असेल तर मुलांनी तिशीपासूनच रक्तातील साखर नियमित तपासावी आणि रोज चालण्याची वेळ ठरवून घ्यावी. घराण्याचा इतिहास माहीत असणे याचा खरा उपयोग इतकाच, की सावध होण्यासाठी इतरांपेक्षा काही वर्षे अधिक मिळतात.