अठ्ठेचाळीस महिन्यांचा हिशेब

आपल्याकडच्या अनुभव प्रमाणपत्रात साधारण तीन वाक्यं असतात. अमुक व्यक्ती या तारखेपासून त्या तारखेपर्यंत आमच्याकडे या पदावर होती. तिची वागणूक समाधानकारक होती. तिच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली सही आणि गोल शिक्का. वीज खात्याच्या नोकरीत मी स्वतः अशी पुष्कळ पत्रं दिली. त्यावरून माणूस हजर होता एवढं कळतं. त्यानं काय ठरवलं, ते कळत नाही. आणि परदेशातली अभियंता-परवाना देणारी मंडळी नेमकं तेवढंच विचारतात.

भारतात हा प्रश्न फारसा उठत नाही, कारण सगळ्या अभियंत्यांना बांधणारा परवान्याचा कायदाच आपल्याकडे नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२चा कायदा आहे. आपल्यासाठी कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सचं 'चार्टर्ड इंजिनियर' हे बिरुद आहे, १९३५च्या रॉयल चार्टरमधून आलेलं. ते मानाचं आहे, काही कागदांवर सही करायला लागतंही, पण ते नसलं म्हणून कुणाची नोकरी अडत नाही. याच संस्थेमार्फत आंतरराष्ट्रीय नोंदवहीत नाव घालता येतं. तिथं मात्र पदवीनंतरचा सात वर्षांचा अनुभव आणि त्यातली दोन वर्षं महत्त्वाच्या कामाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर, अशी अट आहे. सात वर्षं सगळेच दाखवतात. दोन वर्षांपाशी पेन थांबतं.

निवृत्तीनंतर इथं जबलपूरला माझ्याकडे जी मुलं येतात त्यांच्यातली बरीच कॅनडाला निघालेली असतात. ओंटारियोत परवान्यासाठी ४८ महिन्यांचा अनुभव लागतो. पूर्वी त्यातलं एक वर्ष कॅनडातलंच हवं असे. मे २०२३मध्ये ती अट गेली. बातमी आली तेव्हा पोरांनी पेढे वाटले. मला त्यातली मेख नंतर उमगली. आता जबलपूरचाच अनुभव पुरतो, म्हणजे त्याचा सगळा पुरावाही जबलपूरमधूनच उभा करायचा. अर्जात सात गटांत मिळून ३४ क्षमता दिलेल्या असतात. प्रत्येकीखाली परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलं आणि त्यातून काय निष्पन्न झालं, हे लिहायचं. मग तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेला अभियंता त्याला शून्य ते पाच गुण देतो. त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. सध्या एका मुलीसाठी मी तो आहे.

ती गोलबाजारातल्या एका मराठी घरातली. वडील माझे सहकारी, म्हणून मी काका. एका ठेकेदाराच्या टेस्टिंग टीममध्ये ती उपकेंद्रांवर काम करायची आणि तेव्हा खात्याच्या बाजूनं मी असायचो. तिचा पहिला मसुदा असा होता: 'नवीन १३२ केव्ही उपकेंद्रात रिले टेस्टिंग व कमिशनिंगचे काम यशस्वीरीत्या करण्यात आले.' सगळ्या ३४ रकान्यांत हेच वाक्य थोडं फिरवून.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"आम्ही सगळ्यांनी. काका, टेस्टिंग सगळेच करतात. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

मी तिला एका लाइनीची आठवण करून दिली. दोन जुन्या उपकेंद्रांमधली ७० किलोमीटरची लाइन मध्ये तोडून नव्या उपकेंद्रात आत-बाहेर घ्यायची होती. अशा लाइनीवर डिस्टन्स रिले असतो. व्होल्टेज आणि करंट पाहून तो फॉल्ट किती लांब आहे याचा अंदाज घेतो. पहिल्या ८० टक्के अंतरात फॉल्ट असेल तर ताबडतोब ट्रिप देतो. तो झोन वन. उरलेल्या टोकाला मोजमापाची चूक होऊ शकते, म्हणून तिथं सुमारे सेकंदाचा तिसरा हिस्सा थांबून, झोन टूमध्ये. ७० किलोमीटरच्या लाइनीला झोन वन ५६ किलोमीटरचा. पण नवं उपकेंद्र पहिल्या टोकापासून ३० किलोमीटरवर आलं. आता त्या पहिल्या टोकाच्या रिलेचा झोन वन २४ किलोमीटर हवा. जुनंच सेटिंग राहिलं तर तो रिले नव्या उपकेंद्राच्या पलीकडे २६ किलोमीटर बघत बसेल, आणि दुसऱ्याच लाइनीवरच्या फॉल्टला आपली धडधाकट लाइन उडवून देईल.

नव्या उपकेंद्राची सेटिंग शीट तयार होती. पहिल्या टोकाची कुणी काढलीच नव्हती. ते तिच्या कामाच्या हद्दीतही नव्हतं. तिनं गणित मांडलं, मेल पाठवली आणि ते सेटिंग बदलेपर्यंत लाइन चार्ज करू नका म्हणून हट्ट धरला. मला तेव्हा थोडा रागच आला होता, कारण शटडाऊनचा वेळ संपत आला होता.

हे सगळं तिच्या अर्जात 'करण्यात आले' या दोन शब्दांखाली गाडलं गेलं होतं. मग शोधाशोध सुरू झाली. जुन्या आणि नव्या तारखेच्या दोन सेटिंग शीट, ती मेल, सेकंडरी इंजेक्शन किटचा छापील रिपोर्ट, परमिटची प्रत. एका प्रसंगातून पाच क्षमतांची सामग्री निघाली: तांत्रिक निर्णय, धोक्याची जाण, मानकं, वरिष्ठांशी बोलणं, जबाबदारी.

सिव्हिलवाल्यांचा मला या बाबतीत हेवा वाटतो. त्यांच्याकडे एमबी असते, मोजमापाची वही. पानांना छापील क्रमांक, नोंद शाईनं, चूक झाली तर खोडरबर नाही; आडवी रेघ मारून शेजारी सही. वरिष्ठानं तपासलेल्या मापांवर त्याचीही सही. बिलासाठी ठेवलेली ती वही दहा वर्षांनीही सांगते की त्या दिवशी त्या खड्ड्यापाशी कोण उभं होतं.

एका गटावर मात्र आमचं वाजलं. समाज आणि पर्यावरणाच्या क्षमतेत तिनं पर्यावरण दिनाला लावलेली झाडं लिहिली होती. मी स्पष्ट सांगितलं, याला एकच्या वर गुण देणार नाही. ती रुसली. चहा झाल्यावर मी ब्रेकरच्या ओव्हरहॉलचा विषय काढला. त्यात एसएफ६ वायू असतो. तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे २३ हजारांहून जास्त किलो. तो हवेत सोडून देणं सोपं असतं, आणि सोडणारेही पाहिलेत. हिनं रिकव्हरी कार्ट मागवून वायू सिलिंडरमध्ये परत घेतला होता. आधीचं आणि नंतरचं वजन रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. "ते तर नेहमीचंच काम," ती म्हणाली. झाडं अर्जातून गेली.

तिच्या पहिल्या नोकरीची दोन वर्षं सोडून द्यावी लागली. ती छोटी कंपनी बंद पडली, तिथले साहेब वारले, ते काम पाहिलेला दुसरा अभियंता सापडेना. ड्रॉइंग वाचायला ती तिथंच शिकली. पुढच्या नोकरीत ४८ महिने भरत होते म्हणून निभावलं.

सध्या आयुध निर्माणीतला एक जण येतो, गन कॅरेज फॅक्टरीतला. त्याची अडचण वेगळीच. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि जीसीएफ त्यातल्या ॲडव्हान्स्ड वेपन्समध्ये गेली. टेबल तेच, खुर्ची तीच, पण त्याच्या अनुभवाचे मालक दोन. त्याहून मोठा पेच गोपनीयतेचा. ड्रॉइंग दाखवायचं नाही, मापं सांगायची नाहीत आणि तरी निर्णय सिद्ध करायचा. आधी खात्याची लेखी परवानगी घे, असं मी त्याला बजावलंय. तोवर सराव म्हणून त्यानं एक परिच्छेद लिहून आणला: 'एक जड भाग वेगानं मागे सरकत असताना त्याला ठरावीक अंतरात थोपवून पुन्हा जागेवर आणणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेची गळती मी कमी केली.' लिहिलंय चांगलं, 'मी'सुद्धा आहे. फक्त गन कॅरेज फॅक्टरीत वेगानं मागे सरकणारा जड भाग कोणता, हे जबलपुरात शाळकरी पोरगंही सांगेल.