बारगीर बंगालात गेला आणि बर्गी झाला

बंगालीत मुलांना झोपवताना म्हणायचे एक जुने गाणे आहे. त्यात बागुलबुवाच्या जागी 'बर्गी' येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ, आता सारा कुठून भरायचा, ही घरातली काळजीही येते. बर्गी म्हणजे घोड्यावरून येणारे मराठे लुटारू. हा शब्द आपल्याच 'बारगीर'वरून गेला आहे हे कळले की मराठी माणूस चमकतो. मग गैरसमजांना सुरुवात होते. दोन्हीकडच्या, पण आपल्याकडच्या अंमळ जास्तच.

लूटमार या शब्दाच्या अर्थातच होती, हा त्यातला पहिला. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'गीर' म्हणजे घेणारा. त्यामुळे बारगीर हे मुळात ओझे वाहणाऱ्या जनावराचे, घोड्याचे नाव. मराठी फौजेत ते स्वाराला चिकटले. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची मांडणी दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंदसुद्धा. शिलेदारांनी डोके वर काढू नये म्हणून त्यांना पागेच्या हुकमतीत ठेवलेले. म्हणजे दोघांत जास्त बांधलेला, जास्त भरवशाचा तो बारगीर. आज वर्तमानपत्रे पुढाऱ्याच्या निष्ठावंताला 'शिलेदार' म्हणतात तेव्हा मला हसू येते. निष्ठावंताला खरे तर बारगीर म्हणायला हवे, पण ते कुणाला रुचणार?

बंगालात शिवाजी महाराजांची फौज गेली होती, हा दुसरा समज. महाराजांचे निधन १६८० सालचे, बंगालवरच्या स्वाऱ्या १७४१ ते १७५१ या दहा वर्षांतल्या. त्या नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या. पुढे होता त्यांचा कारभारी भास्करपंत कोल्हटकर. १७४२ मध्ये वर्धमानच्या मुलखात शिरलेल्या फौजेने मुर्शिदाबादेत जगत्शेठ या बड्या सावकाराची कोठी लुटली आणि काटव्याला तळ दिला. त्या फौजेत बारगीर किती, शिलेदार किती, हे जळत्या गावातून पळणाऱ्या शेतकऱ्याला कुठून कळणार? त्याने सगळ्यांना एकच नाव दिले. तो शब्दही तेव्हा नवा नव्हता. दख्खनच्या फारसी लेखनात मराठ्यांच्या चपळ घोडदळाला आधीपासूनच 'बर्गी' म्हणत.

'सगळे मराठे बंगाल लुटायला गेले' हेही खरे नाही. १७४३ मध्ये खुद्द पेशवे नानासाहेब फौज घेऊन बंगालात उतरले ते नवाब अलिवर्दीखानाच्या बाजूने, रघुजींना हुसकावायला. फुकट नव्हे: शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना मोहिमेच्या खर्चापोटी २२ लाख रुपये, असा करार होता. त्याच वर्षी शाहू महाराजांनी मध्ये पडून बंगाल रघुजींकडे सोपवला, आणि पैसे देऊन बसलेला नवाब पुन्हा होता तिथेच आला. १७४४ मध्ये त्याने वाटाघाटीच्या मिषाने बोलावून भास्करपंताला वीसहून अधिक सरदारांसह मानकरा इथल्या छावणीत मारले.

आता आपल्या सर्वांत लाडक्या समजाकडे वळू: ही सगळी बदनामी इंग्रजांनी रचली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीचे 'महाराष्ट्रपुराण' १७५१ चे आहे, प्लासीच्या लढाईच्या सहा वर्षे आधीचे. वर्धमानच्या दरबारातल्या बाणेश्वर विद्यालंकाराचे संस्कृत 'चित्रचंपू' त्याहून जुने, १७४४ चे. दोघांनीही हे अत्याचार लिहून ठेवले आहेत. गंगारामाच्या काव्यात तर बंगालात पाप माजले म्हणून शिवच मराठ्यांना धाडतो. पण ते बायका-ब्राह्मणांनाही सोडत नाहीत असे दिसल्यावर देवी त्यांच्यावर उलटते आणि नवाबाच्या पाठीशी उभी राहते. या स्वाऱ्यांना हिंदू-मुसलमान लढ्याचा साज चढवणाऱ्यांनी तेवढा भाग वाचावा. शिवाय भोसल्यांचा बंगालातला मुख्य सल्लागार होता मीर हबीब, मूळचा इराणी.

१७५१ च्या तहात वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली, ओरिसा भोसल्यांच्या हाती आला आणि तिथे त्यांचा अंमल १८०३ पर्यंत टिकला. बंगालातल्या स्वाऱ्या थांबल्या, शब्द मात्र तिथेच राहिला.

कोलकात्यात सांगतात की बर्गींना मराठा खंदकाने अडवले. १७४२ मध्ये शहराभोवती तो खणायला घेतला खरा, सात मैलांचा बेत होता, सहा महिन्यांत तीनेक मैल झाला आणि काम सोडून दिले, कारण मराठे तिकडे फिरकलेच नाहीत. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात एका गल्लीचे नाव मात्र अजून मराठा डिच लेन आहे.