जिमला वेळ नाही? एक सॅक, एक खुर्ची आणि आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे

जानेवारीत जिमची वर्षभराची फी भरायची आणि होळी येईपर्यंत कार्ड पाकिटातच राहायचे, हे अनेकांच्या बाबतीत घडते. मग स्वतःची समजूत घातली जाते : 'स्टेशनपर्यंत चालतो, जिने चढतो, तेवढा व्यायाम पुरे.' चालणे चांगलेच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीची हालचाल ही पहिली. दुसरी म्हणजे किमान दोन दिवस शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना ताण देणारा व्यायाम. पहिली गोष्ट चालून साधते, दुसरी साधत नाही. बहुतेक जण नेमके इथेच मागे पडतात.

स्नायू कमी झाले तर बिघडते काय?

तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर ते कळत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. ते कमी झाले की साखर साठवायची जागाही कमी होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे हा प्रश्न फक्त दंडाच्या बेटकुळ्यांचा राहत नाही.

आणखी एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या हाताच्या पकडीची ताकद मोजण्यात आली आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. पकड ५ किलोने कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त आढळला. पकड कमी म्हणून माणूस दगावतो, असा याचा अर्थ नाही. पण एकूण प्रकृतीचा अंदाज पकडीवरून येतो, एवढे नक्की.

सुरुवात कुठून करायची?

यूट्यूबवरच्या शंभर व्यायामांच्या जंजाळात शिरण्याची गरज नाही. शरीराच्या मूळ हालचाली मोजक्याच : बसून उठणे, ढकलणे, ओढणे, वाकून उचलणे आणि कंबर-पोट घट्ट धरून स्थिर राहणे.

बसून उठण्यासाठी जेवणाच्या टेबलाची खुर्ची घ्या. हात न टेकता, तीन आकडे मोजत सावकाश बसा आणि उठा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला. हे सोपे वाटू लागले की खुर्ची बाजूला सारा. आपली 'बैठक' म्हणजे याच हालचालीची पुढची पायरी.

ढकलण्यासाठी पुशअप, पण पहिल्या दिवशी जमिनीवर नको. इथे साधे भौतिकशास्त्र कामाला येते. जमिनीवरच्या पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. गुडघे टेकले तर तो ४९ टक्क्यांच्या आसपास असतो आणि हात दोन फूट उंचीवर ठेवले तर सुमारे ४१ टक्के. स्वयंपाकाचा ओटा त्याहून उंच असतो, म्हणून नवख्यांसाठी तो उत्तम. आधी भिंत, मग ओटा, मग पलंगाची कड आणि शेवटी जमीन, असे उतरत जा. ज्यांना एकही पुशअप जमत नाही, असे वाटते त्यांनाही ओट्यावर सहा-सात सहज जमतात. तालमीतला दंड त्याच्याही पुढचा. त्याची घाई नको.

ओढण्यासाठी लॅपटॉपची सॅक घ्या आणि तिच्यात पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्या भरा. चार बाटल्या म्हणजे चार किलो, हिशेब सोपा. कमरेतून पुढे झुकून, पाठ सरळ ठेवून सॅक पोटाकडे ओढा. तीच सॅक जमिनीवरून उचलताना गुडघे किंचित वाकवा आणि नितंब मागे न्या. हे जमले की गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबरेत उसण भरण्याची शक्यताही कमी होते. शेवटी कोपरांवर प्लँक, २० सेकंद.

वेळेचे गणित

प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ वेळा. एका सेटला ४० सेकंद धरले तर दहा सेटना सात मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो. मधल्या नऊ विश्रांती सव्वा मिनिटाच्या धरल्या, तरी सगळे वीस मिनिटांत आटोपते. सोमवार-गुरुवार असे दोन दिवस ठरवा, मध्ये किमान एक दिवस मोकळा सोडा. सलग वीस मिनिटे मिळतच नसतील तर चहा उकळेपर्यंत ओट्यावर एक सेट मारला, तरी तो धरला जातो.

सेट थांबवताना 'अजून दोन-तीन झाले असते' असे वाटले पाहिजे. दोन्ही सेटमध्ये १२ पूर्ण होऊ लागले की सॅकमध्ये एक बाटली वाढवा. आकडे मोबाइलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. भार वाढला नाही तर ताकदही वाढत नाही, सगळी मेख इथे आहे.

पहिल्या महिन्यात आरशात फारसा फरक दिसणार नाही. सुरुवातीची ताकद मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतू आहे त्याच स्नायूंना नीट वापरू लागल्याने वाढते. स्नायूंचा आकार त्यानंतर बदलतो. बहुतेक जण तोवर कंटाळून सोडून देतात, हीच गोम आहे.

पावडर घ्यावी का?

सुरुवातीला तरी गरज नाही. प्रौढांसाठी दररोज प्रतिकिलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यांनी थोडी जास्त घेतलेली बरी. अडचण नाश्त्याची आहे. पोहे-चहात प्रथिने जेमतेम असतात. त्याच्यासोबत दोन अंडी खाल्ली तर १२ ग्रॅमची भर पडते, ३० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सच्या भाजीतून सुमारे १५ ग्रॅम मिळतात. पोह्यात मूठभर शेंगदाणे जास्त घातले, तरी सात-आठ ग्रॅम वाढतात.

कुठे थांबायचे?

दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणे, जिना उतरताना कण्हणे हे स्वाभाविक आहे. दोन-तीन दिवसांत ते ओसरते. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दुखणे किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबा. जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, उच्च रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि गणपतीला गावी गेलात, दोन आठवडे खंड पडला तर? एवढ्यात ताकद फारशी उतरत नाही. परतल्यावर सॅकमधली एक बाटली काढा आणि येत्या सोमवारी पुन्हा सुरू करा.