वेफर्सच्या पाकिटाची मागची बाजू

चाकण हे कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेचे गाव म्हणून पुणे जिल्ह्यात पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आज त्याच गावाभोवती मोटारींचे कारखाने उभे आहेत, आणि महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत कामगारांची अनेक कुटुंबे राहतात. आई-वडील दोघेही पहिल्या पाळीस गेले की मुलाच्या हाती दहा रुपये राहतात आणि न्याहारीच्या जागी वेफर्सचे पाकीट येते. यात पालकांना दोष देऊन काही साधत नाही. मात्र पाकीट घ्यावयाचेच, तर ते पारखून कसे घ्यावे, हे मुलांस शिकविता येते.

प्रथम वेफर म्हणजे काय ते पाहावे. ताज्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. पातळ काप उकळत्या तेलात पडताच हे पाणी वाफ होऊन निघून जाते व त्याची जागा काही अंशी तेल घेते. म्हणून तयार वेफर्सच्या वजनापैकी साधारणतः एक-तृतीयांश भाग तेलाचाच असतो. ३० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे तेल झाले. बटाटा म्हणून जे खाल्ले जाते, त्याचा तिसरा हिस्सा तेल आहे, हे ध्यानात आले म्हणजे तेल कोणते, या प्रश्नाचे महत्त्व आपोआप पटते.

कारखान्यांतून पामोलीन तेल मोठ्या प्रमाणात वापरले जाते. ते स्वस्त असते, त्याला उग्र वास नसतो आणि ते लवकर खवट होत नाही. या टिकाऊपणाचे एक कारण असे की त्यातील ४० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश संपृक्त असतो. शेंगदाणा तेलात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास, तर सूर्यफूल तेलात १२ टक्क्यांच्या आसपास असते. संपृक्त स्निग्धांश नित्य व अधिक प्रमाणात पोटात गेल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून तेलाचे नाव वाचावे. परंतु ‘पामतेलविरहित’ एवढे वाचून निश्चिंतही होऊ नये. तेल बदलले तरी त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही, आणि कोणत्याही तेलाच्या एका ग्रॅमपासून ९ उष्मांकच मिळतात. ‘कोलेस्टेरॉल नाही’ ही जाहिरातही तशीच पोकळ होय. वनस्पतिजन्य तेलात ते नगण्यच असते.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवर चित्र व जाहिरात असते. खरी माहिती मागे, बारीक अक्षरांत असते. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे बटाट्यानंतर लगेच तेलाचे नाव आले, तर त्याचा अर्थ उघड आहे. पोषणाच्या तक्त्यात दर १०० ग्रॅममधील एकूण स्निग्धांश, संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स स्निग्धांश, साखर व सोडियम हे आकडे पाहावेत. सोडियमला अडीचने गुणिले की मिठाचे प्रमाण कळते. तक्त्यात ६०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर ३० ग्रॅमच्या पाकिटात सुमारे ४५० मिलिग्रॅम मीठ पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लहान मुलांस त्याहूनही कमी पुरते.

आठवडे बाजारातील सुट्या वेफर्सना वेष्टनच नसते. तेथे डोळे व नाक हीच साधने. कढईतील तेल काळसर, दाट, फेसाळ किंवा उग्र वासाचे असेल, तर तो माल घेऊ नये. वारंवार तापविलेल्या तेलात अपायकारक संयुगे साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास ते तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून कायद्याने बंदी आहे. तसेच २०२० च्या विनियमांनुसार अति तेल, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत शाळकरी मुलांना विकता येत नाहीत. मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने याकडे लक्ष पुरवावे.

वर्गात हा पाठ सहज घेता येईल. मुलांकडून रिकामी पाकिटे स्वच्छ करून आणवावीत. वेष्टनावरील मजकूर बहुधा इंग्रजीत असल्याने पाम, पामोलीन, सोडियम हे शब्द फळ्यावर लिहून ओळखण्यास शिकवावे. एक वेफर वहीच्या कोऱ्या कागदात दाबावा. कागदावरील पारदर्शक डाग हाच पुरावा. मग त्याच दहा रुपयांत गावात भाजलेले फुटाणे, शेंगदाणे, चिक्की किंवा केळे किती मिळते, याचा तक्ता मुलांनीच करावा. फुटाण्यांतील प्रथिने वेफर्सच्या दुपटीहून अधिक असतात, हेही त्यात नोंदवावे.

वेफर्स सणासुदीस, हौसेने खाण्यास हरकत नाही. न्याहारीची जागा मात्र त्यांनी घेऊ नये. इयत्ता चौथीतील जी मुलगी पाकीट उलटून वाचावयास शिकते, ती घरी जाऊन धाकट्या भावासही वाचून दाखविते. कामावरून थकून आलेल्या आईला घरातच असा एक जाणता साहाय्यक लाभतो.