जुन्या मिलचा मालक कोण?

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एखाद्या यंत्रमागाच्या कारखान्यात शिरा आणि विचारा, ‘मालक कोण?’ मागांच्या खडखडाटातही लगेच कोणीतरी बोट दाखवील. भांडवल त्याचं, निर्णय त्याचा, आणि धंदा बसला तर झोप उडायची तीही त्याचीच. सगळं एकाच माणसात!

आता हाच प्रश्न सोलापूरच्या जुन्या मिलबद्दल विचारू. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. तिचा मालक कोण, हे ठरवायला सुप्रीम कोर्ट दोनदा बसलं. दोन्ही वेळा निकाल वेगळा लागला. तेवढ्यानेही भागेना, म्हणून देशाच्या राज्यघटनेत नवा मजकूर घालावा लागला. पाहा, एका गिरणीची करामत!

आधी कंपनीच्या पोटात डोकावू. हजार रुपयांचे १,५९० शेअर आणि पाचशेचे २०, असे १६ लाख रुपये. शिवाय शंभर रुपयांचे ३२,००० प्रेफरन्स शेअर. पण त्यांचे पन्नासच रुपये भरून घेतलेले. उरलेले पन्नास कंपनी मागेल तेव्हा द्यायचे. हे पन्नास रुपये लक्षात ठेवा, पुढे त्यांनीच सगळा घोळ घातला. पैसा असा भागधारकांचा, त्यांनी निवडलेले संचालक वर, आणि रोजचा कारभार मॅनेजिंग एजंटच्या हाती. मॅनेजिंग एजंटची ही आपल्याकडची जुनी पद्धत १९७० मध्ये बंद झाली.

आणि कामगार? या सगळ्या हिशेबात ते कुठेच नव्हते. कंपनीच्या कागदांवर शेअरचा रुपयान् रुपया मोजलेला, पण जन्मभर साच्यावर उभं राहणाऱ्याचा एका मताचाही अधिकार नाही.

२७ जुलै १९४९ रोजी गिरणीत नोटीस लागली: २७ ऑगस्टपासून मिल बंद. शहर सुतावर जगणारं. अशा ठिकाणी गिरणी बंद पडली की किराणा दुकानाची उधारी आणि घरभाडंही तटतं. तो काळ कापडटंचाईचा होता, म्हणजे झळ गावाबाहेरही पोचणार. तेव्हा सरकारने जे केलं ते वाचून आजही भुवया उंचावतात. ९ जानेवारी १९५० रोजी फक्त या एका कंपनीसाठी वटहुकूम निघाला! राज्यघटना अमलात यायला अजून सतरा दिवस होते. एप्रिलमध्ये त्याचा कायदा झाला. गैरकारभारामुळे आवश्यक मालाचं उत्पादन खालावलं आणि मोठी बेकारी ओढवली, असं कारण त्यातच नोंदवलेलं होतं. म्हणजे कामगार एकदाचा कागदावर आला, पण बेकार म्हणून.

कायद्याची युक्ती बघा. सरकारने एकही शेअर घेतला नाही, गिरणीची एक वीटही स्वतःच्या नावावर केली नाही. फक्त जुने संचालक काढले, मॅनेजिंग एजंटचा करार संपवला आणि आपले संचालक बसवले. भागधारकांनी संचालक निवडायचे नाहीत, सरकारच्या संमतीशिवाय त्यांचा ठराव चालायचा नाही, कंपनी गुंडाळायचीही नाही. लाभांश मिळाला तर तो मात्र त्यांचाच. समजा, माग तुमच्या नावावर, त्याची कमाईही तुमची. पण सूत कोणतं आणायचं, काय विणायचं, माग कधी थांबवायचा, हे परका ठरवणार. मग माग तुमच्याकडून घेतला की नाही?

चिरंजित लाल चौधरी नावाचे भागधारक हाच सवाल घेऊन सुप्रीम कोर्टात गेले. देशात इतक्या कंपन्या असताना कायदा आमच्याच कंपनीला का, ही त्यांची दुसरी तक्रार. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ते हरले. शेअर तुमच्याकडेच आहे, तो विकता येतो, मग मालमत्ता गेली कुठे, असं बहुमताचं म्हणणं. आणि परिस्थिती खास असेल तर एकटी कंपनीही स्वतंत्र वर्ग ठरू शकते. भेदभाव झाला असेल तर तो तक्रारदाराने सिद्ध करावा. कायदा वैध आहे असं धरून चालायचं, हे तत्त्व मांडताना हा निकाल अजूनही पुढे केला जातो.

प्रकरण मिटलं? छे! नव्या संचालकांना पैसा हवा होता आणि त्यांना ते पन्नास रुपये आठवले. ३२,००० शेअर गुणिले पन्नास, म्हणजे १६ लाख! मागणी निघाली. द्वारकादास श्रीनिवास या भागधारकाने नकार दिला आणि दावा लावला. त्यांचा युक्तिवाद पाहा: मागणारे संचालक त्या कायद्याने बसवलेले, कायदाच घटनाबाह्य असेल तर संचालक कसले आणि मागणी कसली? मुंबई हायकोर्टात ते हरले, पण डिसेंबर १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान डोलावली. नाव कंपनीचं ठेवून बाकी सगळा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता घेणंच, आणि भरपाई न देता ती घेता येत नाही. तीच गिरणी, तोच कायदा. तीन वर्षांत तो वैधचा अवैध झाला.

मग संसदेने थेट घटनेलाच हात घातला. १९५५ च्या चौथ्या दुरुस्तीमागे बंगालमधले खटलेही होते, पण तिने अनुच्छेद ३१-क मध्ये जे घातलं त्यात सोलापूरची सावली स्पष्ट दिसते. लोकहितासाठी किंवा नीट कारभारासाठी मालमत्तेचं व्यवस्थापन मर्यादित काळ हाती घेणारा कायदा, तसंच संचालक, मॅनेजिंग एजंट यांचे अधिकार किंवा भागधारकांचा मतदानाचा हक्क काढून घेणारा कायदा, मालमत्तेच्या किंवा समानतेच्या हक्काच्या आधारे रद्द ठरणार नाही. हा अनुच्छेद आजही घटनेत आहे.

कंपनी कोणाची, या प्रश्नावर देशाबाहेर काय चाललं होतं? अमेरिकेत फोर्ड मोटार कंपनीने नफा वाटण्याऐवजी गाड्या स्वस्त करायचं आणि कारखाना वाढवायचं ठरवलं, तेव्हा भागधारक डॉज बंधूंनी कोर्ट गाठलं. मिशिगनच्या कोर्टाने १९१९ मध्ये बजावलं की कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते. पश्चिम जर्मनीने १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांना दिल्या. आमच्या खटल्यांत भांडले ते भागधारक आणि सरकार. ज्यांच्या बेकारीमुळे हे सारं सुरू झालं, ते पक्षकारच नव्हते. मला यातलं हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आज बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या अहवालांत ‘सर्व हितसंबंधीयांचं हित’ पानोपानी सापडतं. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १६६ तर संचालकांना कोणाकोणाचं हित पाहायचं ते क्रमाने सांगतं: कंपनी, तिचे कर्मचारी, भागधारक, समाज आणि पर्यावरण. कर्मचारी भागधारकांच्या आधी! पण त्याच कायद्याचं कलम २४५ उघडा. कंपनीच्या कारभाराविरुद्ध एकत्र येऊन न्यायाधिकरणाकडे जायची मुभा तिथे भागधारकांना आहे, ठेवीदारांना आहे. कर्मचाऱ्यांचं नाव त्या यादीत नाही.