टाचण वहीला नवे पान हवे

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात नोंदले गेले. साताऱ्यात शिकताना बसायचे गोणपाट त्यांना घरून न्यावे लागे. पण तिथे गिरवलेल्या इंग्रजीनेच पुढे कोलंबिया आणि लंडनची दारे उघडली.

आज आपल्या मुलांना बाक मिळतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही कुंडलमधील आमच्या वस्तीतला मुलगा मुलाखतीत इंग्रजी प्रश्न आला की मान खाली घालतो. बी.कॉम. झाल्यावर आम्हीही असेच गप्प बसलो होतो. नोकरी दुसऱ्याला गेली. असे का व्हावे?

कारण आमचे इंग्रजी डोळ्यांनी शिकलेले, कानांनी नव्हे. आमच्या वेळी टाचण वहीत दरवर्षी तेच असे : वाचन, शब्दार्थ, प्रश्नोत्तरे. बोलणे कानावर पडतच नसे.

आता ही उणीव भरून काढता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोडावर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, पाठ दिसे. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे एका खेड्यातल्या शाळेत घडले, हे विसरू नये.

बालभारतीच्या पुस्तकांवरही क्यूआर कोड आहेत. २०१७ साली सुरू झालेले सरकारचे दीक्षा अ‍ॅप मोफत आहे. त्यातील पाठ एकदा उतरवून घेतला की पुढे नेट नसले तरी पाहता येतो.

मग टाचणही बदलते. आधी पाच मिनिटे ऐकणे, मग जोडीजोडीने बोलणे, शेवटी लिहिणे. शिक्षकाची जागा यंत्र घेत नाही; मुलाच्या तोंडून वाक्य काढायला शिक्षकच लागतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही विहारात संध्याकाळी पाचवी-सहावीची मुले बसवली. एकीने वाचले, 'क्नाईफ'. मोबाईलवरच्या शब्दकोशाने सांगितले, 'नाईफ'. पुढे आम्ही ठसक्यात म्हणालो, 'व्हेजिटेबल'. मोबाईल म्हणाला, 'व्हेज्टबल'. मुले खो खो हसली. आम्हीही हसलो. पंचवीस वर्षांची चूक मिनिटात सुधारली आणि त्या दिवसापासून मुलांची चुकण्याची भीती गेली.

माता-भगिनींनो, बांधवांनो, घरात मोबाईल एकच असतो आणि तो दिवसभर कामावर जातो, हे आम्ही जाणतो. पण रात्री जेवणानंतर अर्धा तास तो मुलांच्या पुस्तकावर धरा. शेजारी स्वतः बसा. शाळेत पालकसभेला गेलात की गुरुजींना, बाईंना आदराने विचारा, "आमची मुले वर्गात इंग्रजी ऐकतात का? बोलतात का?"

महागड्या शिकवणीची फी आपल्याला परवडत नाही. हा प्रश्न विचारायला मात्र पैसे लागत नाहीत.